सही जुळत नाही

बँकेत त्याला सगळे भिंग म्हणत. तोंडावर भिंगसाहेब, पाठीमागे नुसतंच भिंग. उभी नोकरी त्याने दुसऱ्यांच्या सह्या तपासण्यात घालवली होती. सही आली की तो ती नमुन्याच्या कार्डाशेजारी ठेवायचा, भिंग डोळ्याला लावायचा आणि मान वर न करता म्हणायचा, ‘चालेल’ किंवा ‘जुळत नाही’. हे ‘जुळत नाही’ तो इतक्या थंडपणे म्हणायचा की समोरच्याला घाम फुटायचा. एका दांडग्या कंत्राटदाराला त्याने लागोपाठ परत पाठवलं, तेव्हा तो माणूस काकुळतीला येऊन म्हणाला होता, “साहेब, अंगठा घ्या. हवं तर पायाचाही घ्या.”

नवीन आलेल्यांना भिंग एकच गोष्ट शिकवायचा. खरी सही घाईत असते, खोटी सही विचार करत येते. खऱ्या सहीवाल्याचं मन भलतीकडेच असतं, घरी गॅस बंद केला का, गाडी नीट लावली का. खोटी सही करणाऱ्याचं मन मात्र पेनाच्या टोकावर बसलेलं असतं, म्हणून रेघ थरथरते, मध्येच पेन उचललं जातं. हे सांगताना त्याला स्वतःचं फार कौतुक वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काहीच नव्हतं.

तो निवृत्त झाला, आणि पाठोपाठ आई गेली. आईचं घर ताई आणि तो अशा दोघांच्या नावावर झालं. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि पावसाळ्यात फुगणारा एक दरवाजा. ताई त्याच घरात राहिलेली. कपडे धुऊन देणाऱ्या एका दुकानात ती रफू करायची, आणि घरी आल्यावर आईचं सगळं करायची. उठवणं, बसवणं, भरवणं, रात्री कूस बदलून देणं, सगळं. भिंग रविवारी यायचा, आईच्या पलंगाच्या कडेवर बसून तिला पेपर वाचून दाखवायचा आणि जेवून जायचा. त्यामुळे घर ताईचंच, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. त्याने स्वतःच सांगितलं होतं, “ताई, माझा हक्क मी सोडतो. उद्या माझी पोरं काही म्हणतील, त्याआधी कागद होऊन जाऊ दे.” ताई म्हणाली होती, “बरं होईल रे छोट्या. मरायच्या आधी एकदा स्वतःच्या नावाच्या छपराखाली झोपू दे.” साठी उलटलेल्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात आता एवढं एकच माणूस उरलं होतं.

काम साधं होतं. हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची आणि ती सही खरी असल्याचा शिक्का त्याच्या बँकेने मारायचा. महिनाअखेरीपर्यंत कागद कचेरीत गेला नाही, तर सगळं पहिल्यापासून.

दोघं बँकेत गेली तेव्हा त्याच्या जुन्या खुर्चीत त्यानेच तयार केलेली बाई बसली होती. पेनाचं बटण सतत दाबायची तिला सवय, म्हणून तिला सगळे टिकटिक म्हणत. ती उठून उभी राहिली, खुर्ची पुढे केली, कागद ठेवला. आणि इथे भिंगाने जे केलं ते फक्त भिंगच करू शकतो. दुसऱ्या कुणी फर्रकन सही केली असती आणि घरी गेला असता. हा म्हणाला, “आधी माझा नमुना दाखव.”

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. टिकटिकने कार्ड काढलं. नोकरीला लागला त्या दिवशीची सही. सुरुवातीला आकड्यासारखा एक फटकारा, मग एका दमात मारलेली उडी, मध्ये एक ऐसपैस गाठ, आणि शेवटी खालून मागे धावत गेलेली शेपटी. त्याने भिंग लावून ती बघितली. काय सही आहे, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने पेन उचललं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला प्रश्न पडला की सुरुवात नेमकी कुठून करायची.

वरून खाली की खालून वर? त्याने वरून केली. गाठीपाशी आल्यावर ती डावीकडून घालायची की उजवीकडून, या विचारात पेन अडलं. शेपटी तर त्याने चक्क काढली, चित्रकलेच्या तासाला काढतात तशी. दुसऱ्या कागदावर पुन्हा केली. तिसऱ्यावर आणखी सावकाश केली.

टिकटिक थांबली. पेनाचं बटणसुद्धा थांबलं.

“सर, तुम्हीच शिकवलंय म्हणून बोलते.”

“बोल ना.”

“जुळत नाही.”

ताई खो खो हसली. टिकटिकही हसली. शेवटी तोही हसला. पुढच्या आठवड्यात येऊ, असं ठरलं.

घरी त्याने जेवणाच्या टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला आणि सराव सुरू केला. नमुना डोळ्यांसमोर होताच. सकाळी सह्या, दुपारी सह्या. बायको भाजी निवडता निवडता बघत होती. “अहो, शाळेत एवढं लिहिलं असतंत तर मॅनेजर होऊन निवृत्त झाला असतात,” ती म्हणाली. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्रत्येक सही तो भिंगाखाली धरायचा. रेघ थरथरलेली, पेन मध्येच उचललेलं, दाब एकसारखा. अशी सही समोर आली असती तर त्याने नुसती परत पाठवली नसती, साहेबांना बोलावलं असतं.

आता मेंदूची एक गंमत असते. त्याला एकदा खिडकी उघडून दिली की तो साऱ्या घरात हिंडतो. सहीचा विचार करता करता भिंगाला शर्टाच्या गुंड्यांचा विचार सुरू झाला. गुंडी आधी बोटाने ढकलायची की काज ओढायचं? जिना उतरताना पुढचं पाऊल कुठलं, हे बघायला तो थांबला आणि कठडा धरावा लागला. चहाचा घोट घेताना गिळायचं कधी हे ठरेना, आणि चहा नाकात गेला. बुटाची नाडी बांधायला बसला तो अर्धवट गाठ हातात घेऊन बसूनच राहिला. शेवटी बायकोने ती बांधली, काही न बोलता, आणि तिचं ते न बोलणं त्याला फार लागलं.

डॉक्टरांनी हात तपासला, बोटं मिटवायला लावली, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं. “हात ठणठणीत आहे,” ते म्हणाले.

“मग सही का होत नाही?”

“विचार करू नका.”

भिंग फी देऊन बाहेर आला आणि ‘विचार करू नका’ याचा विचार करत घरी गेला. विचार न करणं कसं सुरू करायचं? आधी कुठला विचार सोडायचा? सोडला हे कळायला तरी विचार करायलाच हवा की नाही? अती तिथे माती म्हणतात, इथे तर डोक्याचा पार भुगा झाला होता.

दुसऱ्या वेळी बँकेत ताई हसली नाही. टिकटिकने सहा-सात कागद पुढे केले आणि भिंगाने तितकेच वाया घालवले. ताई सगळा वेळ त्याच्या हाताकडे बघत होती. रफू करणारीची नजर ती, धागा कुठे अडतोय ते तिला दिसतं. बाहेर आल्यावर ती बसथांब्यावर उभी राहिली. बस आली, तेव्हा “येते” म्हणाली. ‘ये घरी’ म्हणाली नाही. ती नेहमी म्हणायची.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज शांत होता, आणि त्यामुळेच भिंग उठून उभा राहिला.

“छोट्या, तुला द्यायचं नसेल तर सरळ सांग. मी भांडणार नाही. पण मला असं खेळवू नकोस.”

“ताई, काहीतरीच काय? हात चालत नाहीये.”

“जेवताना चालतो ना?”

फोन ठेवल्यावर त्याला आधी राग आला. मग रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही. मग तो खुर्चीत बसला आणि प्रामाणिकपणे स्वतःला विचारू लागला की मला ते घर हवंय का. उत्तर आलं, नाही. त्याने ते उत्तर भिंगाखाली धरावं तसं निरखलं. इतक्या पटकन आलं म्हणजे खरं असेल. की पाठ केलेलं असल्यामुळे पटकन आलं? महिनाअखेर जवळ येत चालली होती आणि त्याला स्वतःचं नाहीसुद्धा ओळखता येत नव्हतं.

अशात एका दुपारी बेल वाजली. बायको बाहेर गेली होती. दारात पार्सलवाला. मिक्सरचं भांडं आलं होतं. पार्सलवाल्याला घाई, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पावती. “काका, इथे,” तो म्हणाला. आत गॅसवर दूध होतं आणि ते वर यायच्या बेतात होतं. भिंगाने पावतीवर सही केली, भांडं घेतलं, धावत जाऊन गॅस बंद केला. आणि दुधाच्या पातेल्यासमोर उभा असताना त्याच्या अंगावर काटा आला.

आपण आत्ता सही केली.

तो तसाच अनवाणी जिन्याने खाली धावला. कुठलं पाऊल पुढे आणि कुठलं मागे, कुणाला पर्वा. पार्सलवाला गाडी सुरू करत होता.

“ती पावती बघू जरा.”

त्याने बघितली. आकड्यासारखा फटकारा, उडी, गाठ, शेपटी. जिवंत सही. कुठे थरथर नाही, कुठे अडखळणं नाही.

“ही मला दे.”

“काका, ती जमा करावी लागते.”

“अरे, माझीच सही आहे ती.”

“म्हणूनच तर जमा करायची,” पार्सलवाला म्हणाला, आणि गेला.

भिंग रस्त्यावर उभा राहिला. आनंद व्हायला हवा होता, आणि क्षणभर झालाही. हात शाबूत होता, डोकं शाबूत होतं. पण मग एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. हात मिक्सरच्या भांड्यासाठी सही करतो. फक्त ताईच्या कागदावर करत नाही. म्हणजे ताई म्हणते तेच खरं? आपल्या तोंडाला माहीत नाही ते हाताला माहीत आहे? इतकी वर्षं लोकांचा खोटेपणा हातावरून पकडला, आज स्वतःचा हात पकडायची वेळ आली होती, आणि त्यातला चोर कोण आणि पोलीस कोण, हेच त्याला समजेना.

तो वर गेला, चप्पल घातली, दार ओढलं आणि चालू लागला. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. डोक्यात एवढी गर्दी होती की पायांकडे लक्ष द्यायला जागाच नव्हती. पायांनी रस्ता ओलांडला, मधली गल्ली घेतली, दोन जिने चढले. हाताने खिशातून किल्ली काढली, कुलपात फिरवली, आणि फुगलेल्या दरवाजाला खांद्याने वरच्या कोपऱ्यात धक्का दिला, कारण तो तसाच उघडतो. चप्पल दाराशी निघाली. मग तो भानावर आला तेव्हा आईच्या खोलीत होता, पलंगाच्या कडेवर, रविवारी बसायचा तिथेच. गादीला तिथे थोडा खोलगटपणा होता. समोर उशी होती, तिच्यावर ताईने स्वच्छ अभ्रा घातला होता, आणि तिथे कुणी नव्हतं.

भिंग रडायला लागला. लहान मुलासारखा, नाक पुसत, आवाज करत. आई गेली तेव्हा रडायला वेळ झाला नव्हता. दाखला, खातं, पेन्शन, सगळ्यांच्या सह्या, सगळं त्यानेच बघितलं होतं.

ताई दारात आली. हातात उलथनं होतं, चोर शिरला असं वाटून उगारलेलं.

“तू? बेल का नाही वाजवलीस?”

“माहीत नाही. पायच आले.”

तिने उलथनं खाली केलं. ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तो थांबेपर्यंत बसून राहिली. तिने पाठीवरून हात फिरवला नाही. ती अजून रागावलेली होती.

“ताई, मला हात सही करू देतो,” तो म्हणाला. “आज केली. पार्सलवाल्याच्या पावतीवर. तुझ्याच कागदावर होत नाही. तू म्हणतेस ते खरं असेल तर मला कळत नाहीये. मला हे घर नकोय गं. पण सही केली की मी इथला पाहुणा होईन. मग इथे यायला मला काहीतरी कारण लागेल.”

ताईने उशीचा अभ्रा सारखा केला.

“आई गेल्यापासून तू बेल वाजवूनच येतोस,” ती म्हणाली. “किल्ली खिशात असून. मी आत स्वयंपाकघरात ऐकते. वाटतं, आला बाबा पाहुणा. पहिली सही तूच केलीस छोट्या, तीही न विचारता.”

“मला वाटलं, तुला आवडणार नाही.”

“मला विचारलंस?”

“नाही. विचार केला.”

ताईला हसू आलं, आणि ते आल्याचा तिला रागही आला. “तुझा तो विचार,” ती म्हणाली. “आई म्हणायची, याला ताटात वाढलं तरी हा आधी ताट तपासेल.” मग ती उठली. “हे बघ. कागद कर किंवा करू नकोस. पण मला खोटं वाटेल असं काही करू नकोस. खरं असेल तर ‘नाही’सुद्धा चालेल. आणि किल्ली तुझ्याकडून परत मागायला मी काही घरमालकीण नाही झालेय अजून.”

“उद्या बँकेत येतेस?”

“येते. पण आता शेवटचं.”

त्याला वाटलं होतं, आता सगळं सोपं होईल. झालं नाही. सकाळी बँकेत पोचेपर्यंत पुन्हा डोकं सुरू झालं होतं. काल रडलो म्हणजे मोकळा झालो का? मोकळा झालो असेन तर हे कसलं ओझं? टिकटिकने कागद पुढे ठेवला आणि सवयीने नमुन्याचं कार्डही काढलं. भिंगाने त्या कार्डाकडे बघितलं आणि त्याला एकाएकी लाज वाटली. इतके दिवस आपण हे काय करत होतो? कार्ड बघायचं, डोळ्यांत साठवायचं, आणि तसंच उतरवून काढायचं. खोटी सही करणारे हेच तर करतात. त्याने स्वतःच्याच सहीची चोरी करायचा प्रयत्न केला होता, आणि तोही इतका वाईट की कुणीही पकडावा.

“ते उलटं ठेव,” तो म्हणाला.

टिकटिकने कार्ड पालथं घातलं. बाजूच्या काउंटरवर कुणाचं तरी मूल किंचाळत होतं. ताई शेजारी उभी होती, तिच्या पिशवीचा बंद त्याच्या कोपराला लागत होता. तिने आज आईची जुनी शाल घेतली होती, आणि ती तिला थोडी आखूडच होती, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात सही झालेली होती.

टिकटिकने ती उचलली, कार्ड सुलटं केलं, आणि भिंगाचंच भिंग डोळ्याला लावलं. बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

“सर, सही खरी आहे. ते तर दिसतंच आहे. पण जुळत नाही.”

भिंगाने वाकून बघितलं. ती म्हणत होती ते बरोबर होतं. कार्डावरची सही एका पंचविशीतल्या पोराची होती, उडी लांब, शेपटी माजलेली. आत्ताची गाठ लहान झाली होती, उडी जवळच पडली होती, आणि शेपटी मागे धावायच्या ऐवजी थोडी पुढे येऊन थांबली होती. कालच्या पावतीवर काय होतं? त्याने हवी होती तीच सही पाहिली असेल, की खरंच तशी होती? त्याला आता आठवेना. किती वर्षांपासून आपली सही अशी आहे, आणि आपणच ती कधी बघितली नाही, हे त्याला कळेना. दोन्ही त्याच्याच होत्या, आणि एकीच्याही बाजूने त्याला साक्ष देता येईना.

“मग?” ताईने विचारलं. तिचा आवाज ताणलेला होता.

“नवीन नमुना घ्यावा लागेल,” टिकटिक म्हणाली. “जुना रद्द. मग शिक्का आजच मारता येईल. पण नमुना बदलताना ओळखणारं कुणीतरी लागतं. बँकेचं माणूस चालत नाही, म्हणजे मी नाही. खातेदार हवा.”

“माझं खातं आहे,” ताई म्हणाली.

टिकटिकने नियमाप्रमाणे विचारायला सुरुवात केली. विचारताना ती भिंगाकडे बघत नव्हती, कारण असं कोरडं विचारायचं तिला त्यानेच शिकवलं होतं. “यांना कधीपासून ओळखता?”

“हा झाला तेव्हापासून. खोलीबाहेर मीच उभी होते.”

“नातं?”

“भाऊ.”

“यांनी सही तुमच्यासमोर केली?”

“माझ्यासमोर.”

“आणि स्वतःच्या मर्जीने केली, असं तुम्ही सांगू शकता?”

ताई थांबली. तिने भिंगाकडे बघितलं, आणि बघतच राहिली. त्याला काय चेहरा करावा ते समजेना. हसावं की मान हलवावी, मर्जीने केली असं म्हणावं की गप्प राहावं. खरं तर त्याला ते अजूनही पक्कं माहीत नव्हतं. त्याने काहीच केलं नाही. हात टेबलावर होता तसाच ठेवला.

“हो,” ताई म्हणाली. “मर्जीनेच.” आणि तिने ओळखणाऱ्याच्या रेघेवर सही केली.